पटकथेवर नाव कोणाचे? अमेरिकेतील ‘रायटर्स गिल्ड’चे पुरस्कार

चित्रपट, दूरचित्रवाणी आणि रेडिओ या माध्यमांसाठी होणाऱ्या लेखनाचा दरवर्षी गौरव करणारे अमेरिकेतील ‘रायटर्स गिल्ड पुरस्कार’ ऑस्करच्या झगमगाटापुढे सामान्य प्रेक्षकाच्या नजरेत फारसे भरत नाहीत. पडद्यासाठी लिहिणाऱ्यांचा व्यवसाय कसा उभा राहिला हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याला मात्र ऑस्करपेक्षा या पुरस्कारांचा इतिहास अधिक काही सांगून जातो. हे पुरस्कार सरकार देत नाही, एखादी कलासंस्था देत नाही, नियतकालिकही देत नाही. ते लेखकांची कामगार संघटना देते. ‘रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका’ या नावाखाली प्रत्यक्षात दोन भगिनी संघटना नांदतात. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील लेखक लॉस एंजेलिसच्या ‘वेस्ट’ शाखेत आणि पूर्वेकडील लेखक न्यूयॉर्कच्या ‘ईस्ट’ शाखेत, अशी त्यांची जुनी वाटणी आहे, आणि म्हणूनच पुरस्कारांचा सोहळाही एकाच संध्याकाळी दोन्ही शहरांत साजरा करण्याची प्रथा पडली. निर्मात्यांशी मानधनाचा करार करणारी, प्रसंगी संप पुकारणारी आणि पडद्यावर लेखक म्हणून कोणाचे नाव लागावे याचा निवाडा करणारी संघटनाच पुढे त्या लेखनाचा सन्मानही करते, हे या पुरस्कारांचे खरे वैशिष्ट्य होय.

ही व्यवस्था कशातून निर्माण झाली हे पाहण्यासाठी १९३०च्या दशकातील हॉलिवूडकडे वळावे लागते. त्या काळी लेखक हा स्टुडिओचा पगारी नोकर असे. एकाच कथेवर एकामागून एक, कधी तर एकमेकांच्या नकळत, अनेकांना बसवले जाई आणि अखेरीस कोणाचे नाव द्यायचे ते निर्माता ठरवी. त्यात मर्जीतल्या माणसाचे किंवा नातलगाचे नाव घुसडले गेले तरी दाद मागायला जागा नव्हती. मार्च १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगार निम्मे केले, तेव्हा या असंतोषाला तोंड फुटले आणि एप्रिलमध्ये ‘स्क्रीन रायटर्स गिल्ड’ ही, आजच्या गिल्डची पूर्वज असलेली, संघटना नव्याने उभी राहिली. जॉन हॉवर्ड लॉसन हे तिचे अध्यक्ष झाले. स्टुडिओंनी १९३६ मध्ये आपल्या बाजूची ‘स्क्रीन प्लेराइट्स’ ही प्रतिस्पर्धी संघटना पुढे करून गिल्डला जवळजवळ मोडीत काढले होते. परंतु कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा १९३५ मध्ये झालेला असल्याने १९३८ मध्ये सरकारी देखरेखीखाली लेखकांचे मतदान घेतले गेले, त्यात गिल्ड जिंकले आणि १९४२ मध्ये स्टुडिओंशी पहिला सामूहिक करार झाला. त्या कराराने लेखकांना मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे श्रेय ठरवण्याचा अधिकार.

त्या संघर्षात ऑस्करचाही संबंध आला होता, हे आज सहसा कोणाच्या लक्षात नसते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची स्थापना १९२७ मध्ये झाली त्यामागे, कामगार संघटनांची गरजच भासू नये, हा स्टुडिओप्रमुखांचा एक हेतू होता, आणि म्हणून गिल्डचे कार्यकर्ते तिच्याकडे संशयानेच पाहत. ‘द इन्फॉर्मर’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी १९३६ मध्ये डडली निकोल्स यांना ऑस्कर जाहीर झाले, तेव्हा अकादमी आणि गिल्ड यांच्यातील तंट्यामुळे त्यांनी ते नाकारले; ऑस्कर नाकारणारी ती पहिली व्यक्ती. लेखकांना स्वतःचा पुरस्कार असावासा वाटला तो या पार्श्वभूमीवर.

गिल्डचे पहिले पुरस्कार १९४९ मध्ये, आदल्या वर्षीच्या चित्रपटांसाठी, दिले गेले. तेव्हाचे विभाग पाहिले की त्या काळच्या हॉलिवूडचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते: गंभीर नाट्य, विनोदी, संगीतप्रधान आणि ‘वेस्टर्न’, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील जीवनाचे चित्रपट. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ या पटकथेने वेस्टर्न विभाग जिंकला, तर ‘ईस्टर परेड’ संगीतप्रधान विभागात सरस ठरला. याखेरीज दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या रॉबर्ट मेल्टझर या पटकथालेखकाच्या नावाने अमेरिकी समाजाचे प्रश्न समर्थपणे मांडणाऱ्या पटकथेसाठी एक वेगळा पुरस्कार होता, आणि तो पहिल्या वर्षी मनोरुग्णालयातील जीवनावरील ‘द स्नेक पिट’ला मिळाला. हा पुरस्कार काही वर्षांतच बंद पडला. सामाजिक प्रश्नांना हात घालणारे लेखन ज्या काळात राजकीय संशयाचा विषय होऊ लागले होते, त्या काळात असे होणे आश्चर्याचे नव्हते. चित्रपटांच्या प्रकारांनुसार केलेली विभागणी पुढे हळूहळू मागे पडली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून चित्रपटांसाठी मूळ पटकथा आणि आधारित पटकथा, म्हणजे कादंबरी, नाटक किंवा अन्य साहित्यावरून रचलेली पटकथा, हे दोनच मुख्य विभाग उरले.

येथे थोडे थांबून श्रेय ठरते कसे ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पुरस्काराच्या चिन्हावर कोरले जाणारे नाव या प्रक्रियेतूनच आलेले असते. चित्रीकरण संपल्यावर निर्मिती कंपनी, लेखक म्हणून कोणकोणाची नावे देण्याचा तिचा विचार आहे, याची सूचना त्या चित्रपटावर काम केलेल्या प्रत्येक लेखकाला पाठवते. त्यावर एकाने जरी हरकत घेतली, तरी प्रकरण गिल्डच्या लवादाकडे जाते. दिग्दर्शक किंवा निर्माता स्वतःच लेखनाच्या श्रेयावर हक्क सांगत असेल, तर हरकत नसतानाही ते आपोआप तिकडे जाते. लवादाचे तीन सदस्य स्वतः अनुभवी पटकथालेखक असतात. त्यांच्यापुढे मूळ कादंबरी असल्यास ती, पहिल्या खर्ड्यापासून अंतिम संहितेपर्यंतची सर्व हस्तलिखिते आणि प्रत्येक दावेदाराचे निवेदन ठेवले जाते. मात्र लेखकांच्या नावांऐवजी ‘लेखक ए’, ‘लेखक बी’ अशी अक्षरे घातलेली असतात आणि निवाडा कोणी केला हे लेखकांनाही कधी कळत नाही. नाट्यरचना, नवे व वेगळे प्रसंग, व्यक्तिचित्रण आणि संवाद या चार अंगांनी अंतिम संहितेत कोणाचा किती वाटा आहे, हे या तिघांनी ठरवायचे असते. पटकथा मूळ असेल तर नंतर आलेल्या लेखकाला नाव मिळवण्यासाठी किमान निम्मा वाटा सिद्ध करावा लागतो. आधारित पटकथेच्या बाबतीत एक तृतीयांशाहून अधिक वाटा पुरतो. कोऱ्या कागदावर पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या बाजूने तराजू जाणूनबुजून झुकवलेला आहे, आणि संघटनेची मूल्यदृष्टी या एका नियमात जेवढी स्पष्ट दिसते तेवढी तिच्या कोणत्याही भाषणात दिसणार नाही.

श्रेयनामावलीतील बारीकसारीक खुणांनाही या व्यवस्थेत नेमका अर्थ असतो. दोन नावांमध्ये ‘अँपरसँड’ हे जोडचिन्ह असेल तर ते दोघे जोडीने लिहितात असे समजायचे, आणि ‘अँड’ हा शब्द पूर्ण लिहिलेला असेल तर त्यांनी वेगवेगळे, बहुधा एकापाठोपाठ एक, काम केले असे समजायचे. दुसऱ्या प्रकारात ते दोघे एकमेकांना आयुष्यात कधी भेटलेही नसण्याची शक्यता असते. ‘द फ्लिंटस्टोन्स’ (१९९४) या विनोदी चित्रपटाच्या संहितेला तीसहून अधिक लेखकांचे हात लागले असे सांगितले जाते, पण पडद्यावर नावे आली ती तिघांचीच. उरलेल्यांना मानधन मिळाले, नाव मिळाले नाही. अशा लेखकांची नावे अखेरच्या नामावलीत ‘अतिरिक्त लेखनसाहित्य’ या शीर्षकाखाली देण्यास गिल्डच्या सदस्यांनी मतदानाने मान्यता दिली ती थेट २०२१ मध्ये, आणि तीही या नोंदीला लेखनाच्या श्रेयाचा दर्जा न देता.

नावासाठी एवढी झटापट कशाला, असे बाहेरच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. त्यामागे प्रतिष्ठा आहेच, पण पैसाही आहे. चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, त्याच्या डिस्क विकल्या गेल्या किंवा तो इंटरनेटवरील सेवेवर आला की लेखकाला ‘रेसिड्युअल’, म्हणजे पुनर्वापराचे मानधन, मिळते आणि ते श्रेय असलेल्यालाच मिळते. शिवाय अनेक करारांत श्रेय मिळाल्यास वाढीव रक्कम ठरलेली असते. ‘वॅग द डॉग’ (१९९७) या राजकीय उपहासपटाच्या वेळी पहिला खर्डा हिलरी हेन्किन यांनी लिहिला होता आणि नंतर नाटककार डेव्हिड मॅमेट यांनी संहिता नव्याने रचली होती. गिल्डने दोघांनाही श्रेय दिले आणि हेन्किन यांचे नाव आधी ठेवले; त्यावर रागावलेले दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन संघटनेतूनच बाहेर पडले. ‘लेदरहेड्स’ या चित्रपटाच्या लेखनश्रेयावरून जॉर्ज क्लूनी यांनाही असाच निकाल पचवावा लागला आणि त्यांनी आपले पूर्ण सदस्यत्व सोडले. तारांकित नावापेक्षा पहिल्या खर्ड्याला वजन देणारी ही पद्धत दरवेळी न्याय्यच ठरते असे म्हणता येणार नाही, परंतु निर्मात्याच्या लहरीपेक्षा ती निश्चितच बरी.

श्रेय ठरवण्याचा हाच अधिकार गिल्डने एकदा स्वतःहून गहाण टाकला होता. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवूडमधील कम्युनिस्टांचा शोध सुरू केला, दहा जणांनी उत्तरे देण्यास नकार दिल्याने त्यांना पुढे तुरुंगवास झाला आणि १९४७ मध्येच स्टुडिओप्रमुखांनी अशा व्यक्तींना काम न देण्याचे जाहीर केले. हीच पुढे ‘काळी यादी’ म्हणून ओळखली गेली. गिल्डचे पहिले अध्यक्ष लॉसन त्या दहांपैकी एक होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओमालक हॉवर्ड ह्यूज यांनी पॉल जॅरिको या लेखकाचे नाव एका चित्रपटावरून परस्पर उडवले, आणि त्यानंतर झालेल्या तडजोडीत संशयित लेखकांची नावे गाळण्याची मुभा गिल्डने निर्मात्यांना देऊन टाकली. लवादाने एखाद्याला लेखक ठरवायचे आणि स्टुडिओने त्याचे नाव पुसायचे, अशी चमत्कारिक स्थिती त्यातून निर्माण झाली.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण ‘फ्रेंडली पर्स्युएशन’ (१९५६) हे होय. जेसमिन वेस्ट यांच्या पुस्तकावरून मायकेल विल्सन यांनी ही पटकथा बऱ्याच आधी लिहिली होती. पुढे समितीपुढे सहकार्य न केल्यामुळे विल्सन काळ्या यादीत गेले आणि दरम्यान पटकथा दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या हाती आली. श्रेयाचा वाद लवादाकडे गेला, लवादाने विल्सन यांचाच हक्क मान्य केला, आणि निर्मात्यांनी मिळालेल्या मुभेचा वापर करून चित्रपट पटकथालेखकाच्या नावाविनाच प्रदर्शित केला. समितीला उत्तरे नाकारणाऱ्यांना ऑस्करसाठी अपात्र ठरवणारा नियम अकादमीनेही घाईघाईने केला. अशा वेळी १९५७च्या गिल्ड पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यपटकथेचा मान ‘फ्रेंडली पर्स्युएशन’ला मिळाला. ज्या संघटनेच्या तडजोडीमुळे लेखकाचे नाव पुसले गेले, तिच्याच सदस्यांनी मतदानाने ते लेखन श्रेष्ठ ठरवावे, यात धैर्य किती आणि अपराधाची टोचणी किती हे ठरवणे अवघड आहे, दोन्ही असावीत. अधिकृत श्रेयनामावलीत विल्सन यांचे नाव परत आले ते १९९६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी.

काळ्या यादीतीलच डाल्टन ट्रम्बो यांची कथा अधिक परिचित आहे. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) त्यांनी लिहिला, पण त्यावर नाव लागले ते त्यांचे मित्र इयन मॅक्लेलन हंटर यांचे. गिल्डचा त्या वर्षीचा विनोदी पटकथेचा पुरस्कार हंटर आणि जॉन डायटन यांच्या नावे गेला, कथेचे ऑस्करही हंटर यांनाच मिळाले आणि काही काळातच हंटर स्वतः काळ्या यादीत जाऊन पोहोचले. जीवनभराच्या पटकथालेखनासाठी दिला जाणारा ‘लॉरेल’ हा गिल्डचा सर्वोच्च सन्मान १९७० मध्ये ट्रम्बो यांना देण्यात आला, त्या वेळच्या भाषणात त्यांनी काळ्या यादीच्या काळात खलनायक आणि नायक शोधू नयेत, बळी मात्र सगळेच ठरले, अशा आशयाची भूमिका मांडली, आणि ती त्यांच्या अनेक जुन्या सोबत्यांना मुळीच पटली नाही. ‘रोमन हॉलिडे’चे श्रेय गिल्डने त्यांना बहाल केले ते २०११ मध्ये. काळ्या यादीतील इतरांपैकी वॉल्डो सॉल्ट यांना ‘मिडनाइट काउबॉय’साठी आणि रिंग लार्डनर ज्युनियर यांना ‘मॅश’साठी गिल्ड व ऑस्कर हे दोन्ही पुरस्कार त्याच सुमारास मिळाले, म्हणजे अन्यायाची कबुली कागदोपत्री होण्याच्या कितीतरी आधी ती पुरस्कारांतून होऊ लागली होती.

संघटनेचा पुरस्कार असल्यामुळे त्याला एक मोठी मर्यादाही आहे. गिल्डच्या सामूहिक कराराखाली, किंवा तिच्याशी संलग्न परदेशी संघटनांच्या कराराखाली, लिहिलेली पटकथाच स्पर्धेस पात्र ठरते. क्वेंटिन टॅरंटिनो गिल्डचे सदस्य नसल्याने ‘जँगो अनचेन्ड’ला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, पण गिल्डच्या स्पर्धेत तो नव्हताच. ‘द किंग्ज स्पीच’, ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’, ‘बर्डमॅन’ या ऑस्करविजेत्या पटकथांचेही तेच झाले, आणि ॲनिमेशनपटांचे लेखक बहुतांशी वेगळ्या संघटनेच्या छत्राखाली येत असल्याने ते चित्रपटही सहसा बाहेरच राहतात. त्यामुळे गिल्ड पुरस्कारांवरून ऑस्करचे भाकीत करणाऱ्यांची अनेकदा फजिती होते. ‘मूनलाइट’ (२०१६) ही तर गिल्डने मूळ आणि अकादमीने आधारित मानलेली पटकथा होती, कारण ती ज्या नाटकावरून रचली ते रंगभूमीवर कधी आलेच नव्हते. दोन्हीकडे वेगवेगळ्या विभागांत ती जिंकली. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट लेखन’ असे मिरवणाऱ्या पुरस्काराने करारनाम्यावरील सहीची अट घालावी, ही टीका रास्त आहे. परंतु संघटनेच्या बाजूने पाहिले तर ज्या पटकथेचे श्रेय तिने स्वतः तपासलेले नाही, तिच्यावर शिक्का तरी कसा मारायचा, असाही प्रश्न उरतो.

दूरचित्रवाणीच्या लेखनाचा प्रकार निराळा आहे. तेथे ‘रायटर्स रूम’, म्हणजे एका मालिकेचे सर्व लेखक रोज एकत्र बसून कथानक रचतात ती खोली, हा निर्मितीचा कणा असतो. त्यामुळे एखाद्या भागावर एकाचे नाव असले तरी त्यातील कित्येक विनोद आणि वळणे दुसऱ्यांनी सुचवलेली असतात. पूर्वी गिल्ड एकेका भागाच्या लेखनालाच पुरस्कार देई. मालिकेच्या संपूर्ण लेखकवर्गाला एकत्र गौरवणारे विभाग २००६ मध्ये आले, तेव्हा ‘लॉस्ट’ ही नाट्यमालिका आणि ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’ ही विनोदी मालिका पहिल्या मानकरी ठरल्या. रेडिओचे महत्त्व ओसरले असले तरी त्याचे विभाग टिकून आहेत, आणि त्यांत प्रामुख्याने बातमीपत्रे व माहितीपट लिहिणारे लेखक असतात. रोजची बातमी चार वाक्यांत घट्ट बांधणाऱ्याला पटकथाकाराच्या पंगतीत बसवणारा हा बहुधा एकमेव मोठा सोहळा असावा.

२ मे ते २७ सप्टेंबर २०२३ असा १४८ दिवस चाललेला संप या पुरस्कारांनाही भोवला. सुमारे ११,५०० लेखक त्यात उतरले होते. एरवी ऑस्करच्या आधी होणारा सोहळा २०२४ मध्ये १४ एप्रिलला, ऑस्कर उरकून गेल्यावर झाला, आणि त्यात मूळ पटकथेसाठी ‘द होल्डओव्हर्स’ व आधारित पटकथेसाठी ‘अमेरिकन फिक्शन’ विजयी ठरले. त्या संपातून झालेल्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर ‘लेखनसाहित्य’ मानला जाणार नाही आणि त्याचा आधार घेऊन माणसाचे श्रेय कमी करता येणार नाही, असे कलम आले. यंत्राने काढलेला खर्डा लेखकाच्या हाती देऊन ‘एवढा सुधारून द्या’ म्हणायचे आणि पहिल्या लेखकाचा हक्क नाकारायचा, ही वाट त्याने बंद केली.

भारतात हाच प्रश्न मुंबईत आहे. १९६० मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदल्या गेलेल्या ‘फिल्म रायटर्स असोसिएशन’चे आजचे नाव ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ असे आहे. ती संहितांची नोंदणी करते आणि वादही ऐकते. ‘जंजीर’च्या (१९७३) वेळी सलीम–जावेद यांनी मुंबईतील पोस्टरांवर रंगाऱ्याकरवी आपली नावे लिहवून घेतली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. मराठी-हिंदी चित्रपटांत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन स्वतंत्र श्रेये देण्याची रीत आहे, तर अमेरिकी पद्धतीत संवाद हा पटकथेचाच भाग असून त्याला वेगळे श्रेय नाही. राष्ट्रीय पुरस्कारांतही २००९ सालच्या चित्रपटांपासून मूळ पटकथा, आधारित पटकथा आणि संवाद असे विभाग झाले. त्याआधी, विजय तेंडुलकरांना ‘मंथन’साठी हा पुरस्कार मिळाला तेव्हा, पटकथेचा एकच विभाग होता. २०१२ मध्ये सुधारलेल्या कॉपीराइट कायद्याने लेखक व गीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य केला आणि २०२० मध्ये मुंबईच्या संघटनेने स्वतःचे पुरस्कारही सुरू केले. किमान मानधन आणि श्रेय यांबाबत निर्मात्यांना बांधून घेणारा सामूहिक करार व्हावा, ही तिची मागणी मात्र वर्षानुवर्षे चालत आली आहे. हॉलिवूडमध्ये करार १९४२ मध्ये झाला होता आणि पुरस्कार त्यानंतर सात वर्षांनी सुरू झाले.